भागीचं घोडं किवणानं मरू नये म्हणून

कळंब तालुक्यात कृषी खात्यात काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "हवामानाचा उपग्रह इस्रो बनवते, पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालय देतं, वापरतं हवामान खातं, आणि शेवटी शेतकऱ्यापुढे उभं राहतो आम्ही. इतक्या खात्यांत एक उपग्रह चालतो तरी कसा? अमेरिकेत तीन खात्यांनी मिळून असाच एक कार्यक्रम हाती घेतला होता आणि तो बुडाला म्हणतात. तो का बुडाला? आमच्या तालुक्यात स्वयंचलित हवामान केंद्रांसाठी कृषी, महसूल आणि जलसंपदा यांची एकत्र समिती होऊ घातली आहे. तिला यातून काही घेता येईल का?"

ताई, मी एकतीस वर्षं उपग्रहाची माहिती जमिनीवर उतरवून घेणाऱ्या आणि तिची चित्रं तयार करणाऱ्या केंद्रांत काढली. निवृत्तीनंतर परभणीला राहतो. एकाच उपग्रहावर हक्क सांगणाऱ्या चार-चार कार्यालयांच्या बैठकांना बसलोय, त्यांची इतिवृत्तं लिहिलीयत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे आणि उत्तर थोडं लांबेल.

आधी थोडक्यात सांगतो. खाती कितीही असोत, शेवटचा शब्द एकाचा हवा. ज्याचा शब्द त्याच्याच हातात पैसा हवा. बाकीच्यांना काय मिळणार, केव्हा मिळणार आणि नाही मिळालं तर त्यांनी कोणाचं दार ठोठवायचं, हे उपग्रह उडायच्या कितीतरी वर्षं आधी कागदावर उतरलेलं हवं. हे जिथे झालं तिथे कार्यक्रम टिकले. जिथे झालं नाही तिथे आपल्याकडची म्हण खरी ठरली: भागीचं घोडं किवणानं मेलं, म्हणजे घोड्यावर हक्क सगळ्यांचा आणि काळजी कोणाचीच नाही.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडील आणि दोन चुलते यांची एक सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या आणि पाळीवरून कधी तंटा झाला नाही. तंटा झाला तो मोटार जळाल्यावर. जळाली धाकट्या चुलत्याच्या पाळीत. तो म्हणाला, तिघांनी भरा. थोरले म्हणाले, तुझ्या पाळीत जळाली, तूच भर. वडील मधे. आठ दिवस मोटार विहिरीवर उघडी पडून राहिली आणि तिघांचाही हरभरा ऐन घाटे भरताना वाळला. पुढच्या वर्षी वडिलांनी तोडगा काढला: मोटार थोरल्याची, दुरुस्ती थोरल्याची, दोघांनी त्याला सुगीला ठरलेली रक्कम द्यायची आणि आपापली पाळी घ्यायची. त्यानंतर वीस वर्षं त्या विहिरीवर कोणी आवाज चढवला नाही. पाणी सामाईकच राहिलं, मोटारीला मात्र एक धनी मिळाला. पुढे नोकरीत मोठमोठ्या कार्यक्रमांच्या फायली चाळताना ती विहीर मला वारंवार आठवली.

आता अमेरिकेचं बघू. ध्रुवांवरून फिरणारे हवामान उपग्रह तिथे दोन घरांत होते. नागरी उपग्रह नोआ या हवामान आणि समुद्र बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, लष्करी उपग्रह संरक्षण खात्याचे. दोघांचे उपग्रह जवळपास सारख्या उंचीवरून फिरायचे, जवळपास सारखीच चित्रं काढायचे. शीतयुद्ध संपल्यावर एकाच कामासाठी दोनदा खर्च कशाला, असा प्रश्न आला आणि मे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दोन्ही कार्यक्रम एकत्र करण्याचा आदेश काढला. कार्यक्रमाचं नाव एनपोएस. नोआ आणि संरक्षण खातं यांनी पैसा निम्मा निम्मा घालायचा, नासानं नवं तंत्रज्ञान आणायचं आणि तिघांच्या माणसांचं एक संयुक्त कार्यालय कारभार बघणार. सहा उपग्रह, सुमारे साडेसहा अब्ज डॉलर, आणि २००८ च्या आसपास पहिलं उड्डाण. त्या वेळी मला स्वतःला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

अडचण कुठे आली ते नीट समजून घ्या, कारण वरून पाहणाऱ्याला ती नुसती खर्चवाढ दिसते. नोआला हवं होतं ते संगणकी अंदाजांसाठी: वातावरणाच्या थराथरांतलं तापमान आणि बाष्प. लष्कराला हवी होती पहाटेची ढगांची चित्रं, चांदण्याच्या उजेडातही दिसतील अशी, आणि समुद्रावरच्या वाऱ्याची माहिती. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांना हवी होती वीस-तीस वर्षं तसूभरही न ढळणारी मोजणी. तिन्ही मागण्या रास्त होत्या. पण त्यांतल्या बऱ्याचशा एकाच यंत्रात कोंबल्या गेल्या. त्या यंत्राचं नाव व्हिर्स. प्रकाशाच्या बावीस पट्ट्यांत बघणारं, रात्री चंद्रप्रकाशात ढग टिपणारं, समुद्राचा रंगही ओळखणारं. आज ते यंत्र उत्तम चालतंय आणि त्याच्या चित्रांवर जगभरचे लोक विसंबून आहेत. बनवताना मात्र त्यानं सगळ्यांचा घाम काढला. यंत्र लांबलं की उपग्रह लांबतो, उपग्रह लांबला की शेकडो माणसांचा पगार चालूच राहतो. उपग्रहाच्या धंद्यात उशीर म्हणजेच खर्च.

आणि उशीर दिसायला लागला तेव्हा "हे एवढं राहू द्या, पुढं चला" असं म्हणणारं कोणी नव्हतं. तिन्ही खात्यांच्या वरिष्ठांची एक कार्यकारी समिती होती. पण संरक्षण खात्याच्या बाजूनं खरेदीचा अंतिम अधिकार ज्या अधिकाऱ्याकडे, तो त्या समितीच्या बैठकांना येतच नसे, आणि समितीनं ठरवलेलं कधी कधी त्याच्या टेबलावर उलटायचं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं हे आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं. पैसा अर्धा अर्धा असल्यामुळे आणखी एक गाठ बसली: एका खात्यानं वर्षाच्या अंदाजपत्रकात हात आखडता घेतला की दुसऱ्याचा पैसाही अडकायचा, कारण निम्म्या पैशात निम्मा उपग्रह होत नाही. उपग्रह बांधण्याचा सगळ्यात जास्त अनुभव नासाकडे, आणि या मांडणीत सगळ्यात कमी अधिकारही नासालाच.

तिथे असा कायदा आहे की संरक्षणाच्या प्रकल्पाचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर तो संसदेपुढे नव्यानं सिद्ध करावा लागतो. एनपोएसवर ती पाळी आली. जून २००६ मध्ये सहाचे चार उपग्रह झाले, खर्च साडेबारा अब्जांच्या घरात गेला, पहिलं उड्डाण २०१३ वर ढकललं गेलं. काटछाटीत पहिली कुऱ्हाड पडली ती हवामानबदलाच्या यंत्रांवर, कारण त्या गरजेमागे पैसा घेऊन उभं राहणारं खातं समितीत नव्हतं. काही यंत्रं पुढे परत घेतली गेली. पण गरज कितीही खरी असली तरी तिच्या नावानं पैसा मांडणारं कोणी नसेल तर ती पहिल्या अडचणीत गळते. हे मी आपल्याकडच्या छोट्या कामांतही पाहिलंय.

फेब्रुवारी २०१० मध्ये व्हाइट हाउसनं भागीदारी मोडली. दुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जाणारी कक्षा नोआला, पहाटेची कक्षा संरक्षण खात्याला. नोआनं आपल्या कार्यक्रमाला जेपीएसएस नाव दिलं आणि मांडणी बदलली: गरज नोआ सांगणार, पैसा नोआ देणार, बांधून घेणार नासा. आमच्या विहिरीवरचाच तोडगा. आधी नुसती रंगीत तालीम म्हणून ठरवलेला एनपीपी उपग्रह २८ ऑक्टोबर २०११ ला उडाला आणि वर्षानुवर्षं रोजच्या अंदाजांचा भार त्यानंच वाहिला. त्याला पुढे उपग्रह-हवामानशास्त्राचे जनक मानले जाणारे व्हर्नर सुओमी यांचं नाव दिलं. मग नोआ-२० नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि नोआ-२१ नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला. लष्कराचा नवा कार्यक्रम मात्र दोन वर्षांत रद्द झाला. त्यांच्या जुन्या मालिकेतला शेवटचा उपग्रह, एफ-२०, पूर्ण बांधून कोठारात होता. तो उडवायला संसदेनं पैसा दिला नाही आणि तो जमिनीवरच राहिला. बांधलेला उपग्रह न उडता राहणं म्हणजे काय, हे या कामात आयुष्य घातलेल्या माणसालाच कळतं. मला ती बातमी वाचून झोप आली नव्हती.

यावरून खात्यांनी एकत्र येऊच नये असा अर्थ काढू नका. त्याच काळात, त्याच नोआनं, युरोपशी केलेली भागीदारी सुरळीत चालली. युरोपच्या देशांनी १९८६ मध्ये हवामान उपग्रहांसाठी युमेटसॅट ही संस्था उभी केली, मुख्यालय जर्मनीत डार्मस्टाटला. प्रत्येक देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरतो. नव्या पिढीचा पहिला उपग्रह विकसित करण्याचं काम युरोपीय अवकाश संस्थेचं, पुढे तो चालवायचं आणि माहिती पोचवायचं काम युमेटसॅटचं. १९९८ मध्ये नोआ आणि युमेटसॅट यांनी करार केला: सकाळी साडेनऊच्या सुमाराची कक्षा युरोपची, दुपारची अमेरिकेची, काही यंत्रं एकमेकांना द्यायची, माहिती दोघांची. युरोपचा मेटॉप-ए ऑक्टोबर २००६ मध्ये गेला. इथे भागीदार दोन, पण प्रत्येकाचा उपग्रह पूर्ण त्याचा. एकाच्या घरात उशीर झाला तर दुसऱ्याचं बांधकाम थांबत नाही. वाटणी पाळीची झाली, मोटारीची नाही.

अडीनडीला उपग्रह उसनाही मिळतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेकडे भूस्थिर कक्षेतला, म्हणजे पृथ्वीवरच्या एकाच जागेवर उभा दिसणारा, एकच चालता हवामान उपग्रह उरला तेव्हा युरोपनं आपला मेटिओसॅट-३ अटलांटिकवर पश्चिमेला सरकवून दिला. जपानचा नवा उपग्रह नोव्हेंबर १९९९ मध्ये उड्डाणातच गेला आणि जुना थकला, तेव्हा २००३ मध्ये अमेरिकेचा गोज-९ त्यांच्या मदतीला गेला. आपल्या हिंदी महासागरावरही १९९८ पासून युरोपचा एक ना एक मेटिओसॅट उभा आहे. ही देवाणघेवाण निभावते, कारण उपग्रह चालवणाऱ्या या संस्थांची १९७२ पासून नियमित बैठक आहे आणि माहितीचे साचे, वारंवारिता, वेळा आधीच जुळवून ठेवलेल्या असतात. साचे जुळलेले नसतील तर आयत्या वेळी उसना मिळालेला उपग्रह नुसता डोक्यावर उभा राहील.

आता आपल्याकडे या. इन्सॅटची कल्पनाच मुळात सामाईक होती: अवकाश विभाग, दूरसंचार, हवामान खातं, आकाशवाणी आणि दूरदर्शन, सगळ्यांचा मिळून एक उपग्रह. त्या वेळच्या गरीब देशाला ते परवडणारं होतं आणि जगात असं धाडस फार कमी देशांनी केलं. पण एकाच पाठीवर सगळ्यांचं ओझं म्हणजे काय, ते पहिल्याच उपग्रहानं दाखवलं. ढगांचं तापमान मोजणाऱ्या यंत्राचा डोळा अतिशय थंड ठेवावा लागतो. त्यासाठी त्याला एका बाजूनं मोकळं, गार अवकाश दिसत राहायला हवं. म्हणून इन्सॅट-१ मालिकेत त्या बाजूला सौरपंखा लावताच आला नाही, सगळे पंखे दुसऱ्या बाजूला. मग सूर्यप्रकाशाच्या दाबानं उपग्रह एकीकडे कलू नये म्हणून रिकाम्या बाजूला दांड्यावर एक सौर शीड लावलं. इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ ला गेला. ते शीड उघडलंच नाही. कल सावरता सावरता इंधन सरलं आणि सप्टेंबरात उपग्रह सोडून द्यावा लागला. हवामानाच्या एका यंत्राच्या सोयीसाठी केलेल्या तडजोडीनं टेलिफोन आणि दूरदर्शनचीही वाट बंद झाली. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी गेला आणि त्यानं वर्षानुवर्षं उत्तम काम केलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हळूहळू आपण ओझी वेगळी केली. १२ सप्टेंबर २००२ ला पीएसएलव्ही रॉकेटनं मेटसॅट नेला, फक्त हवामानासाठी. पुढच्या फेब्रुवारीत कल्पना चावला गेल्या आणि त्याचं नाव कल्पना-१ झालं. नंतर २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये ३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ ला ३डीएस. या शेवटच्या उपग्रहाचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं उचलला. माझ्या मते मंत्रालयाच्या २००६ मधल्या स्थापनेनंतरची ही एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिच्यावर पुरेसं बोललं गेलं नाही. पूर्वी हवामान खातं इस्रोकडे मागणी करायचं आणि वाट बघायचं. आता पैसा घेऊन आलेलं गिऱ्हाईक आहे. बांधणी आणि उड्डाण इस्रोचं, कक्षेत सांभाळणं कर्नाटकातल्या हसनच्या नियंत्रण केंद्राचं, माहितीचं गणित बसवण्यात अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचा मोठा हात, आणि चोवीस तास माहिती उतरवून अंदाज करणाऱ्यांपुढे ठेवणं हवामान खात्याचं. त्याच उपग्रहावर दुर्गम ठिकाणच्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी झेलून खाली पाठवणारं यंत्र आहे, संकटातल्या बोटींचा इशारा पकडणारंही आहे. वापरणारे अनेक आहेत, पण उपग्रह कोणासाठी आहे याबद्दल आता शंका नाही.

मात्र मालक ठरला म्हणजे काम संपलं असं होत नाही. सांधे राहतातच, आणि दुखणं सांध्यातच असतं. एक रात्र सांगतो.

सप्टेंबर होता, परतीचा पाऊस. रात्री दोनच्या सुमाराला अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणारं, चित्र आलं. पाथरीच्या आसपास ढगांचा मोठा गठ्ठा, माथा खूप थंड, म्हणजे उंच वाढलेला ढग. माझ्याबरोबरचा तरुण अधिकारी ते पुढे पाठवणार एवढ्यात माझी नजर चित्राच्या डाव्या बाजूला गेली. सौराष्ट्रावर आकाश मोकळं होतं. तिथे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक रात्रीही स्पष्ट दिसतो, आणि नकाशाची किनाऱ्याची रेघ त्या फरकावर नेमकी बसायला हवी. ती बसत नव्हती. चित्रातला किनारा रेघेपासून पूर्वेला सरकला होता, मोजले तर सहा ठिपके. एक ठिपका चार किलोमीटरचा. म्हणजे सगळंच चित्र चोवीस-पंचवीस किलोमीटर पूर्वेला ढळलेलं, आणि पाथरीवर दिसणारा गठ्ठा खरा माजलगावच्या अंगाला. पाथरीवरचा पाऊस एक, आणि सिंदफणेच्या पाणलोटात पडून माजलगाव धरणात येणारा पाऊस दुसरा. धरणाच्या दरवाज्यावर बसलेल्या माणसाला त्या पंचवीस किलोमीटरांत सगळं काही आहे.

मी फोन लावला. साखळीतलं पहिलं कार्यालय म्हणालं, आमच्याकडून सगळं बरोबर गेलंय. दुसरं म्हणालं, आमची प्रणाली रोजच्यासारखीच चालली आहे. दोघंही खरं बोलत होते. त्या संध्याकाळी उपग्रहाच्या कक्षेत छोटी दुरुस्ती केली होती. तिचे नवे आकडे नेहमीप्रमाणे एका माणसाच्या नावानं पाठवले गेले, आणि तो माणूस रजेवर होता. चित्र करणारी प्रणाली जुन्याच आकड्यांवर चालत होती. चूक सापडून चित्र जागेवर यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात आम्ही हातानं अंतर वजा करून पुढच्यांना तोंडी सांगत राहिलो.

चौकशी झाली, कोणावर ठपका आला नाही आणि यायलाही नको होता. पण त्यानंतर तिन्ही कार्यालयांनी मिळून एक पान तयार केलं. खरोखर एकच पान. डाव्या रकान्यात लक्षण: चित्र सरकलं, चित्र आलंच नाही, चित्रात पट्टे दिसतात, वेळ चुकली. पुढे पहिला फोन कोणी कोणाला करायचा, माणसाचं नाव न घालता पदाचं नाव. पुढे किती मिनिटांत उत्तर. शेवटच्या रकान्यात, उत्तर आलं नाही तर निर्णय कोणाचा. ते पान भिंतीवर लागलं. मोठमोठे सामंजस्य करार मी पाहिलेत, चाळीस-चाळीस पानांचे. त्या रात्रीसारख्या वेळी त्यांतलं एकही पान उघडलं जात नाही.

आणखी एक सांधा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो जमिनीवरच्या साखळीचा. उपग्रहाला पैसा मिळतो, उड्डाणाला मंत्री येतात. अँटेना, सर्व्हर, साठवणूक, गणितं तपासणारी माणसं यांच्यासाठी मात्र "नंतर बघू". उपग्रहाचं आयुष्य दहा वर्षं धरलं तर जमिनीवरचे संगणक त्यात निदान दोनदा बदलावे लागतात, आणि तो खर्च कोणत्या खात्याच्या कोणत्या शीर्षातून, हे पहिल्या दिवशी ठरलं नसेल तर सहाव्या वर्षी नक्की वाद होतो.

आता तुमच्या समितीकडे येतो. ताई, तुमची केंद्रं म्हणजे या साखळीचं खालचं टोक आहे, आणि ते टोक कच्चं असेल तर वरच्या सगळ्याला अर्थ उरत नाही. उपग्रह ढगाच्या माथ्याचं तापमान बघतो, तुमच्या शिवारात पडलेला पाऊस मोजत नाही. त्याच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सोळा चौरस किलोमीटरचा, म्हणजे सोळाशे हेक्टरांचा. एका ठिपक्यात दोन-तीन गावांचं शिवार मावतं. आपल्याकडे एका गावात झड लागते आणि ओढ्यापलीकडे धूळ उडते, हे तुम्हाला मी सांगायला नको. उपग्रहावरून काढलेला पावसाचा अंदाज खरा की खोटा, हे ठरतं खाली मोजलेल्या पावसावरून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात माणसं पुरातून काढावी लागली. या दोन टोकांमध्ये राहणाऱ्या जिल्ह्यांना पावसाची खरी नोंद ही चैनीची वस्तू नाही.

समितीत माझ्या मते महसूल आणि जलसंपदा यांनी गिऱ्हाईक व्हावं आणि धनी कृषी खात्यानं व्हावं, किंवा उलट. पण "तिन्ही खाती संयुक्तपणे जबाबदार राहतील" हे वाक्य इतिवृत्तात येऊ देऊ नका. ते आलं की मोटार विहिरीवर उघडी पडलीच समजा. देखभालीचा पैसा ज्या खात्याच्या शीर्षाखाली येईल, केंद्र कुठे बसवायचं याचा शेवटचा शब्दही त्याच खात्याचा असू द्या. जलसंपदाला दर तासाची नोंद लागते, कारण त्यांना पाण्याची आवक बघायची असते. महसूलला चोवीस तासांची बेरीज लागते, कारण त्यांचं अतिवृष्टीचं गणित मंडळातल्या ६५ मिलिमीटरवर फिरतं. तुम्हाला पेरणीसाठी वाफसा, फवारणीसाठी वारा आणि पावसातला खंड कळायला हवा. या तिन्ही गरजा एकाच केंद्रातून भागतात, फक्त त्या आधी लिहून घ्या आणि कोणत्या गरजेचा जादा खर्च कोण देणार तेही शेजारीच लिहा.

शेवटी एक अगदी लहान गोष्ट, पण मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात वर नरसाळं असतं, खाली छोटा झोका. ठरावीक पाणी साचलं की झोका उलटतो आणि एक नोंद होते. मागच्या पावसाळ्यात एका गावी गेलो तर नरसाळ्यात लिंबाचा पाला आणि पाखरांची घाण बसून लगदा झालेला. पाणी तुंबलेलं आणि खाली थेंब थेंब गळत होतं. पाऊस पहाटे चारलाच थांबला होता, पण नोंद दुपारी बारापर्यंत चालू. हवामानाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे एका रात्रीत पडलेला पाऊस कागदावर दोन दिवसांत वाटला गेला आणि कोणत्याच दिवशी ६५ चा आकडा गाठला गेला नाही. शेतात गुडघाभर पाणी आणि नोंदीत अतिवृष्टी नाही, असा प्रकार. गावकऱ्यांना लगदा दिसत होता, पण कुंपणाला कुलूप होतं आणि किल्ली तालुक्याला.

म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या की दर केंद्राची एक किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे राहील, पावसाळ्यात दर सोमवारी नरसाळं साफ करून तो वहीत सही करील, आणि त्या कामाचे पैसे त्याला कोणत्या शीर्षातून मिळतील. वहीचा रकाना कसा आखायचा ते हवं असेल तर मी आमच्या त्या जुन्या पानावरून करून देतो. परभणीहून कळंब काही लांब नाही, बैठकीलाही येऊन बसेन.